कूलरच्या पायाखालचे पुठ्ठे

शासकीय खरेदीत काही माल रद्दीपासून बनवलेला घ्यावा, असे पत्र आमच्या यवतमाळच्या कार्यालयात आले, तेव्हा भांडार माझ्याकडे होते. फायलींच्या पुठ्ठ्यांसाठी दोन नमुने आले. एक नागपूरच्या कारखान्याचा, गुळगुळीत. दुसरा घाटंजीच्या एका चाचांचा. ते पूर्वी जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, तेव्हा तिथल्याच दहा-बारा बायांना घेऊन त्यांनी रद्दी आणि चिंध्या कुटून पुठ्ठे करायला सुरुवात केली. आमची खरेदी मिळाली तरच हे काम टिकणार होते. नमुना देतानाच त्यांनी तसे सांगितले होते.

सीलबंद नमुने कपाटात ठेवायचे, असा नियम. कारखान्याचा मी ठेवला. चाचांचे पाकीट जाड होते आणि माझ्या टेबलाजवळच्या कूलरचा एक पाय आखूड होता. मी ते त्याखाली सारले. रद्दीचेच तर आहे, असे मनात म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. खरेदी समितीच्या दिवशी सकाळी काढले, पुसले. सील शाबूत होते.

बैठकीत साहेबांनी चाचांसमोरच त्यांचे पाकीट फोडले. पहिलाच पुठ्ठा त्यांच्या हातात लोंबला.

"चाचा, पुठ्ठा मागवला होता, तुम्ही तं पुरणाचा मांडा आणला!"

सगळे हसले. चाचांनी पुठ्ठा नाकाशी नेला.

"साहेब, याले पानी लागलं. म्या कडक उन्हात वाळवून आनलते. बाबू, कुठी ठेवलते तुम्ही?"

कूलरच्या टाकीतून पाणी झिरपत असे, हे मला तेव्हा आठवले. खरे सांगावे तर निलंबन.

"कपाटात," मी म्हणालो.

"कपाटात पानी येते काय?"

"मंग मी खोटं बोलून राह्यलो काय?" माझाच आवाज चढला.

चाचांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. मग साहेबांकडे वळले. "उद्या सकाळी दुसरे आनतो. एक डाव पाहून घ्या."

साहेबांनी मला विचारले, "नियम काय म्हणतो?"

तेव्हाही बोलता आले असते.

"पाकीट फोडल्यावर दुसरा नमुना घेता येत नाही, साहेब."

नियम खरा होता. त्याच्याच आड मी लपलो. 'ओल धरतो, अयोग्य' हा शेरा माझ्या अक्षरात आहे.

दारात थांबून चाचा हळूच म्हणाले, "बायायले काय सांगू, बाबू?" मी कागदात मान घातली.

पावसाळ्याआधी त्यांचे काम बंद पडले. पुढे घाटंजीच्या बाजारात भाजी घेताना मागे दोन बाया भांडताना ऐकल्या.

"तुह्याच घाईनं गेलं ते काम. म्या म्हटलं होतं, अजून एक ऊन दे त्या पुठ्ठ्यायले."

"अवं, खडखड वाजत होते ते! तुले किती डाव सांगू?"

मी वळलो नाही. भाजी तिथेच टाकून एस. टी. स्टँडकडे निघालो. आज चाचा नाहीत. त्या दोघी असतील, तर त्यांच्यापर्यंत हे कोणीतरी पोचवावे: पुठ्ठे कोरडेच होते. ते मी भिजवले.