मागच्या अंगाचं दुकान

नगरला आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा देखावा गेली काही वर्षं मी आखतो. शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा नकाशा काढणं आपोआप माझ्याच गळ्यात पडतं. त्या वर्षी मी एक गाव काढलं. भोवती तट, तटाला दोन वेशी, मधून वाहणारी नदी आणि दोन्ही काठांना दुकानं. पाणी पंपाने खरोखर फिरायचं. बाप्पा होडीतून बाजारात आले आहेत, अशी कल्पना.

गंमत दुकानांची होती. आमच्याच गल्लीतली सगळी दुकानं मी त्या गावात नेऊन बसवली, फक्त तिथे प्रत्येक दुकानदार शब्दाचा पक्का होता. टेलर सांगितलेल्या तारखेला ब्लाउज द्यायचा. गिरणीत ज्याचा गहू त्यालाच त्याचं पीठ मिळायचं. मिठाईवाला खोक्याशिवाय वजन करायचा. मोबाईलवाला ‘डिस्प्ले गेलाय’ न म्हणता आधी मोबाईल उघडून बघायचा. हे सगळं मी माईकवरून वाचून दाखवायचो आणि खरे दुकानदार पुढे उभे राहून पोट धरून हसायचे. टेलरने तर आपल्या प्लायवूडच्या दुकानासोबत सेल्फी काढून स्टेटसला ठेवला.

सोळा दुकानं झाली. गल्लीत सतरा आहेत.

सतरावं दुकान मयताच्या सामानाचं. बांबू, कामट्या, मडकी, पांढरं कापड, सुतळी. ते चालवणारे काका मूळचे तिसगावकडचे, नगरला येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली असतील. आलेल्या गिऱ्हाइकाला ते ‘या’ म्हणत नाहीत आणि जाताना ‘परत या’ तर नाहीच नाही. त्या धंद्याची ती रीत आहे. गल्लीत बारसं, लग्न असलं की ते स्वतःच फिरकत नाहीत. काकूंना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही आणि त्याही कुणाच्या उंबऱ्याशी जात नाहीत. वर्गणीला मात्र ते दुकान आम्हाला बरोबर दिसायचं.

नकाशा काढताना मंडळातल्या एकाने विचारलं होतं, “काकांचं दुकान?” मी म्हणालो, “बाप्पासमोर कशाला ते?” कुणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या कुणावर ढकलायला मला जागा नाही, ते वाक्य माझंच होतं. देखाव्याच्या सांगाड्याला बांबू लागले तेही आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाहून टेम्पोने आणले. टेम्पो नेमका काकांच्या दुकानासमोर उभा राहिला आणि उतरवायला पहिला हात त्यांचा लागला.

माझे वडील गेले तेव्हा हेच काका सामान घेऊन दारात आले होते. मी उंची सांगायला लागलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सर, रोज बघत हुतो मी त्यास्नी.” अंगणात बसून सगळं त्यांनी एकट्याने बांधलं. नकाशा काढताना हे माझ्या लक्षात नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं लक्षात होतं.

पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, काका काकूंना घेऊन देखावा बघायला आले. काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. दोघं गर्दीच्या कडेने पुढे सरकले. काकूंनी एकेक दुकान ओळखलं, टेलरच्या पाटीपाशी हसल्या, नदीचं पाणी कुठून येतं ते वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “आपलं कुठं हाय?”

मी माईक घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. काकांनी या वेशीपासून त्या वेशीपर्यंत एकदा नजर फिरवली. त्यांना कळलं. माझ्याकडे न बघता ते काकूंना म्हणाले, “मागच्या अंगाला हाय, नदीच्या वळनावर. हितनं न्हाई दिसायचं.” मग वळून मला विचारलं, “व्हय ना सर?”

“हो काकू,” मी म्हणालो. “मागच्या बाजूला आहे.”

“मागनं बघू देत्यात का?”

“मागे विजेच्या वायरी आहेत, काकू. उघड्या आहेत.”

“मग नगं. हाय म्हनल्यावर झालं,” काकू म्हणाल्या आणि तिथूनच हात जोडले. मागे वायरी होत्या, पण उघड्या नव्हत्या. नंतर मी माईकवरून पुढचा मजकूर वाचला. ‘गल्लीतलं एकही दुकान या गावात सुटलेलं नाही’ असं त्यात होतं. तेही वाचलं.

एक दुकान करायला मला एक दुपार पुरते. प्लायवूडचे तुकडे मांडवामागे पडून होते, रंगाचे डबे अर्धे भरलेले होते. रोज शाळेतून येताना वाटायचं, आज करू. मग वाटायचं, आता नवं दुकान दिसलं तर लोक विचारतील, आधी का नव्हतं. त्या प्रश्नाला मी भ्यालो आणि नुसते दिवस घालवले.

नवव्या दिवशी दुपारी मी पंपाची निसटलेली नळी बसवत होतो. मांडवात कुणी नव्हतं. काका आले, चप्पल बाहेर काढून आत उभे राहिले. “सर, जरा बोलायचं हुतं.” आता ते विचारणार, असं मला वाटलं. जागा कमी पडली, हे उत्तर मी तयार ठेवलं.

“घरी सारखं इचारतीय,” ते म्हणाले, “दुकानाला पाटी हाय का, कसं केलंय. मी सांगितलंय, पाटी हाय, आन आत माझ्यावानी मानूस बसवलाय. तुमच्याकडं कदी इषय काडला, तर तुमी बी तेवढंच सांगा. येगळं निगाया नको.”

मला हायसं वाटलं. ते भांडायला आले नव्हते, याचंच हायसं वाटलं. “सांगतो ना,” मी म्हणालो.

“उपकार झाले सर.”

“असू द्या,” मी म्हणालो.