‘कुठे गेलास?’

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या कोरमंगला भागातल्या एका सायबर कॅफेत मी दर रविवारी दुपारी ईमेल पाहायला जायचो. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक पन्नाशीचे गृहस्थ इंटरनेटवरून परदेशातल्या लोकांशी चार-चार तासांची मोटार शर्यत खेळत. वळण आलं की खुर्चीसकट कलत.

त्यांची शर्यत काही पुरी व्हायची नाही. कधी वीज जाई, कधी मालक इंटरनेटच्याच लाइनवरचा फोन उचले आणि लाइन तुटे. एकदा तर शेवटची दहा मिनिटं उरली असताना मालकानं फोन लावलाच. गाडी पडद्यावर थिजली.

“स्वल्प, सर, थोडं थांबा,” मालक कानडीत म्हणाला.

“काय माणूस आहे!” मी मराठीत चडफडलो.

गृहस्थ चक्क मराठीत म्हणाले, “असू द्या हो. लाइन तुटली की तिकडचे लोक लिहितात, ‘कुठे गेलास?’ या गावात मला एवढं विचारणारं दुसरं कोण आहे?”

लाइन आली तेव्हा शर्यत संपून सगळे निघून गेले होते. कुणी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि ते उठले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. मालकाला विचारू, विचारू म्हणत मी ईमेल पाहून घरी येत राहिलो.