एकशे पाचची गाडी आणि पाण्याची किटली

राजू गाडी वळवून परत आला, हेल्मेट काढलं आणि ओरडला, "मामा, एकशे पाच!"

मामा म्हणजे आमचे शेठ, आणि राजू त्यांचा भाचा, शर्यतीत गाडी चालवणारा. धुळ्याला त्यांची मोटारसायकलची एजन्सी होती आणि मागे वर्कशॉप. त्या वर्कशॉपचा मी फोरमन, दिलीप. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार असेल. दुसऱ्या दिवशी, रविवारी, धुळ्यातच डर्ट ट्रॅकची शर्यत होती आणि सोनगीरजवळ हायवेचा सरळ पट्टा बघून आम्ही ट्रायल घेत होतो. ताशी एकशे पाच किलोमीटरचा आकडा ऐकून शेठ इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे रसवंतीवर सगळ्यांना उसाचा रस सांगितला.

मी मात्र रसाचा पेला हातात धरून गाडीचे टायर बघत होतो.

"दिलीप, तुला आनंद म्हणून होत नाही का रे?"

"शेठ, हा आकडा डांबरावरचा आहे. उद्याची शर्यत मातीत आहे."

"मातीत काय, रस्ता तो रस्ताच!"

आता हे कसं समजवायचं? डर्ट बाइक म्हणजे खडकाळ, चिखलाच्या, खाचखळग्यांच्या वाटेवर पळणारी गाडी. वजनाला हलकी, टायरला मोठे गट्टे, शॉकअप लांब आणि मऊ. बाहेरच्या देशांत ती तयार मिळायची. आमच्याकडे शंभर सीसीची साधी टू-स्ट्रोक गाडी घेऊन तिची डर्ट बाइक करावी लागायची. तीन महिन्यांचे सगळे रविवार मी त्यात घातले होते. जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या रिमोल्डवाल्याच्या डोक्यावर बसून गट्ट्यांचे टायर करून घेतले. सायलेन्सर वर उचलला, हँडल रुंद केलं. बायको म्हणायची, "गाडीशीच लग्न करायचं होतं." मला सांगायला लाज वाटत नाही, ती गाडी बघून माझी छाती फुगायची.

माझं एक स्वप्नही त्या गाडीला बांधलेलं होतं. वर्कशॉपच्या मागे एक रिकामं शेड होतं. तिथे फक्त अशी खास कामं करावीत म्हणून मी दोन वर्षं शेठच्या मागे लागलो होतो. शेवटी शेठ वैतागून म्हणाले होते, "गाडी पहिल्या तिघांत आण, शेड तुझं. नाही आली, तर सोमवारपासून हे खूळ बंद आणि तू पार्टच्या काउंटरवर." मी आणि काउंटर! हाताला ग्रीस लागल्याशिवाय मला जेवण जात नसे.

रस संपला. मी राजूला म्हटलं, "जरा शेताच्या वाटेवर घेऊन बघ."

राजू निघाला. सरळ वाटेवर झकास गेला. पुढे वळण आलं, तिथे त्याने डांबरावर झोपवतो तशी गाडी झोपवली आणि पुढचा ब्रेक दाबला. मातीत पुढचं चाक अडवलं की ते वळत नाही, सरळ घसरतं. गाडी एकीकडे, राजू एरंडाच्या झुडपात. पडताना मीटरचा काटा साठवर असावा. बाकी काही नाही, पण मनगट चांगलंच सुजलं. उद्या तो क्लच दाबू शकणार नव्हता हे उघड होतं.

शेठ कपाळाला हात लावून उभे. मी गाडी उचलत होतो, तेवढ्यात त्याच वाटेने समोरून भागवतभाऊ आले.

भागवतभाऊ गुरांच्या दवाखान्यात होते. वय पंचेचाळीस, अंगाने काटकुळे, डोक्याला रुमाल. गावोगाव जाऊन गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं त्यांचं काम. त्यासाठी लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. त्याचा ॲल्युमिनियमचा डबा भाऊंच्या कॅरिअरला बांधलेला असायचा. डबा कलंडला की सगळं वाया. आणि माजावर आलेली गाय काही वाट बघत नाही, म्हणून उशीरही चालत नाही. भाऊंची गाडी माझ्याकडेच सर्व्हिसिंगला यायची, पण त्यांना चालवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

फूटरेस्टवर किंचित उभे, गुडघे वाकलेले, हात सैल. राजू पडला त्याच वळणावर त्यांनी आधीच वेग कमी केला, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि वळण सुटताच रेस दिली. खाली चाकं नाचत होती आणि वर डबा देवघरातल्या देवासारखा स्थिर.

"भाऊ, किती स्पीडने आलात?" मी विचारलं.

"मीटर बंद शे. दोन वरीस व्हयनात," भाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले. म्हणजे मीटर बंद पडून दोन वर्षं झाली होती.

"तरी एवढ्या घाईत डबा हलला कसा नाही?"

"मी घाई करस दिलीपभाऊ, पन डबाले समजू देत नही."

मी शेठकडे बघितलं. शेठनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, "छे! गुरांच्या दवाखान्याचा माणूस?"

"शेठ, दुसरं कोण आहे?"

भाऊंना शर्यतीत गाडी चालवाल का म्हणून विचारलं तर ते पोट धरून हसले. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "तीनले एक गाय देखानी शे. तिन्हा आधी व्हई का?"

"शर्यत उद्या बाराला सुरू होईल. दोनला मोकळे."

"मंग चालस."

रविवारी सकाळी धुळ्यात मैदानावर पोहोचताच मी मागचं स्प्रॉकेट बदलायला घेतलं. स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्याच्यावर फिरते ते दातेरी चाक. मागचं मोठं लावलं की गाडीची ओढ वाढते आणि पळ कमी होतो. शेठ येऊन डोक्यावर उभे राहिले.

"आता किती पळेल?"

"ऐंशी-पंच्याऐंशी."

"म्हणजे वीस किलोमीटर तू कापून फेकले?"

"शेठ, इथे ऐंशीला जायला जागा तरी कुठे आहे?"

मैदान म्हणजे कापूस निघालेलं रान. जेमतेम किलोमीटरभराची फेरी, त्यात नऊ वळणं आणि मातीचे दोन उंचवटे. अशा सहा फेऱ्या मारायच्या. चौदा गाड्या होत्या. नाशिकच्या एकाकडे खरीखुरी परदेशी डर्ट बाइक होती. तिचा पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला वीतभर उंच. आमच्या सगळ्यांचे मडगार्ड चाकाला चिकटलेले. तो फरक कशासाठी असतो, हे त्या दिवशी अख्ख्या धुळ्याला कळणार होतं.

कारण स्टेजवर पाहुणे येऊन बसले. पांढरेशुभ्र कपडे. आमच्या खान्देशात पाहुणा आला की आधी अंगणात पाणी मारतात, धूळ बसावी म्हणून. लग्न असो, सभा असो, टँकर आलाच. संयोजक मंडळींनी मोठ्या प्रेमाने दोन टँकर बोलावले आणि अख्ख्या ट्रॅकवर पाणी मारलं. काळ्या मातीवर! मी डोळे मिटून घेतले.

"पानी कसाले मारी ऱ्हायनात?" भाऊंनी विचारलं.

"पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून."

भाऊ पुन्हा पोट धरून हसले. "आते बठ्ठा चाके जाम व्हतीन!" म्हणजे आता सगळीच चाकं जाम होणार. मग एकदम कामाला लागले. "पुढला मडगार्ड काढा. जळकं ऑइल शे का?"

पुढचा मडगार्ड मी पाच मिनिटांत उतरवला. मागचा निघण्यासारखा नव्हता, त्याला आतून जळकं ऑइल फासलं, म्हणजे चिखल धरणार नाही. टायरमधली हवा निम्म्यावर आणली, त्याने टायर पसरतो आणि जमीन धरतो. इथवर ठीक होतं. पण भाऊंचं समाधान होईना. ते हँडल धरून अस्वस्थ उभे.

"काय झालं?"

"मांगे डबा नही. हात घाई करतीन."

दवाखान्याचा डबा शर्यतीत नेणं शक्यच नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. चहावाल्याकडे दुधाची रिकामी किटली होती, दहा लिटरची. ती मागून आणली, गळ्यापर्यंत पाण्याने भरली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी मागे बांधली. मागच्या चाकावर वजनही आलं. पंच धावत आले.

"हे काय? दूध घालायला निघालात का?"

"ओझं न्यायचं नाही असं नियमात कुठे आहे?" हे मी नाही, शेठ म्हणाले. पंचांनी कागद उलटसुलट केला, त्यात खरंच काही नव्हतं.

झेंडा पडला. तेरा गाड्या किंचाळत सुटल्या. भाऊ चौदावे.

"गेलं तुझं शेड," शेठ म्हणाले.

पहिल्याच फेरीत दोघे उंचवट्यावरून उडून चिखलात रुतले. दुसऱ्या फेरीत काळी माती मडगार्डमध्ये भरायला लागली आणि एकेक गाडी जागेवर खिळली. माणसं उतरून काड्यांनी, बोटांनी चिखल उकरू लागली. एकाने वैतागून गाडीलाच लाथ मारली. आणि त्या सगळ्यांच्या मधून भागवतभाऊ, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, एका लयीत चालले होते. उडी त्यांनी एकही घेतली नाही. उंचवट्यावर चढायचे, पलीकडे उतरायचे. पुढे मडगार्ड नसल्याने सगळा चिखल तोंडावर, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. लोकांना ती किटली फारच आवडली. "किटलीवाले! ओ किटलीवाले!" म्हणून मैदान दणाणलं.

चौथ्या फेरीला भाऊ चौथे होते. पाचव्या फेरीला तिसरे. मी इतका ओरडलो की आवाज बसला. शेवटच्या वळणावर पुढची गाडी जाम होऊन आडवी झाली आणि भाऊ तिला वळसा घालून दुसरे आले! पहिला तो नाशिकचा, वीतभर उंच मडगार्डवाला. फेरीला पावणेदोन मिनिटं धरली, तर आमची एकशे पाचची गाडी पस्तीसच्या आत चालून दुसरी आली होती.

शेठनी भाऊंना चिखलासकट मिठी मारली. मग किटलीचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं. पाणी गळ्याच्या चार बोटं खाली होतं, बस.

"दिलीप, उद्या शेड झाडून घे," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिखल उडाला असं मी सगळ्यांना सांगितलं.

भाऊंनी तोंड धुतलं, घड्याळ पाहिलं आणि स्वतःच्या गाडीला किक मारली.

"अहो, बक्षीस!" शेठ ओरडले.

"तुम्ही ल्या. गाय वाट देखी ऱ्हायनी व्हई."

बक्षीस घ्यायला शेठ स्टेजवर गेले. पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांनी चिखलाने माखलेल्या शेठना हार घातला आणि माइकवरून विचारलं, "काय हो किटलीवाले, किती पळते तुमची गाडी?"

शेठनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता एकशे पाच सांगणार.

"चार बोटं सांडते," शेठ म्हणाले.

त्या शेडमध्ये मी पुढे बावीस वर्षं काम केलं. दूधवाले, वायरमन, गुरांचे डॉक्टर, सगळ्यांच्या गाड्या तिथे तयार झाल्या. प्रत्येक गाडीची ट्रायल मी किटली बांधूनच घेतली.