भिवापूरचा तो क्लोजअप

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, डिपार्टमेंटमध्ये शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय — की हेही पळणंच? असेल. पण आता थकलोय. लपवायलाही अंगात जोर लागतो.

मी नागपूरच्या एका कॉलेजात मुलांना डॉक्युमेंटरी करायला शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने आपल्याच गावातल्या नाहीतर मोहल्ल्यातल्या माणसांवर छोटी फिल्म करायची. कोणी जरीपटक्याच्या बाजारावर करतं, कोणी आजीच्या भजनी मंडळावर. आणि माझा एक नियम होता, फार मिरवलेला. फिल्म कॉलेजात दाखवण्याआधी ती ज्यांच्यावर केली त्यांच्या गावात, पडदा लावून, सगळ्यांसमोर दाखवायची. ज्यांची फिल्म, पहिला मान त्यांचा. या नियमासाठी मला लोक वाखाणत. मलाही ते गोड वाटायचं — कोणाला नाही वाटत?

वैष्णवी भिवापूरची. वर्गात मधल्या बाकावरची, पण कॅमेरा घेतला की तिचा हात हलायचा नाही. तिने सातऱ्यावर फिल्म करायची ठरवली. सातरा म्हणजे लाल मिरचीचे ढीग टाकून बायका दिवसभर देठ खुडत बसतात ती मोकळी जागा. तिची सख्खी मावशी सुशीलाबाई तिथे रोज जायची. वैष्णवी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, त्यामुळे मावशी कॅमेऱ्यासमोर घरच्यासारखी बोलायची. अशी माणसं सहसा मिळत नाहीत. आम्ही शिकवणारे तर त्यांना टपूनच बसलेले असतो.

शूटिंगला एक दिवस मीही गेलो होतो. सातऱ्यावर पाऊल टाकताच मला ठसका लागला आणि बायकांनी माझी यथेच्छ मजा घेतली. सुशीलाबाई मला हसता हसता पदर सावरायला गेली आणि तिचा मिरचीचा हात डोळ्याला लागला. "अवं माय! डोयालेच लावला वं हात!" म्हणून ती ओरडली. डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसतच राहिली, बाजूच्या बायकाही. वैष्णवीने कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धरून ठेवला. ऊन तिरपं होतं. गालावरून पाणी ओघळताना फार सुंदर दिसत होतं.

पुढे वैष्णवीने तिला मुलाबद्दल विचारलं. महेश, एकुलता एक, बुटीबोरीला कंपनीत लागलेला, बायकोला घेऊन तिथेच राहणारा. सुशीलाबाई म्हणाली, "महेशले टाइम नाही भेटत यायले, कंपनीत लय काम राह्यते. पण फोन रोज करते तो. सुनबाई बी गुणाची आहे." डोळे कोरडे होते. बोलताना हात देठ खुडत होते.

एवढंच होतं, बघा. खरं एवढंच होतं.

एडिटिंगला बसल्यावर मला फिल्म सपक वाटली. बायका बसल्यात, खुडतायत, हसतायत — यात काय आहे? त्या वर्षी बाहेरचे पाहुणे फिल्म बघायला येणार होते आणि मला माझ्या मुलांची एक तरी फिल्म त्यांच्या डोक्यात राहायला हवी होती. माझ्या मुलांची, म्हणजे माझी. वैष्णवी चहाला गेली होती. मी तिच्या खुर्चीत बसलो. डोळ्यांतून पाणी ओघळण्याचा तो क्लोजअप उचलला, आधीचं ओरडणं आणि नंतरचं हसणं कापलं, मूळ आवाज काढून टाकला. त्यावर तिचंच वाक्य टाकलं — महेशले टाइम नाही भेटत यायले, कंपनीत लय काम राह्यते. "पण"च्या आधी कापलं. मग काळा पडदा.

वैष्णवी आली, तिने पाहिलं. म्हणाली, "सर, ते मिरचीचं पाणी आहे."

मी म्हणालो, "पब्लिकले काय माहीत?" वर हेही म्हणालो, की तिला एकटं वाटतच असेल ना, कोणत्या आईला वाटत नाही? ती काही बोलली नाही. विद्यार्थी गप्प बसला की त्याला पटलं असं धरायची आम्हाला जुनी खोड आहे.

माझ्याच नियमाप्रमाणे फिल्म आधी भिवापूरला दाखवली, समाजमंदिरात. आई पडद्यावर दिसणार म्हणून महेश सुट्टी टाकून बायकोसह आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. क्लोजअप आला, त्यावर ते वाक्य, मग काळा पडदा. मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "पोरगा मायले कसा रडवून राहिला, पाहा वं!" सुशीलाबाई उठून उभी राहिली. मी रडली नाही, ती मिरची होती, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. जितकं सांगेल तितकं लोकांना वाटे, आईच ती, झाकणारच. महेशच्या बायकोने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दोघं तिथूनच परत गेले.

मी काय करत होतो? मागे उभा होतो. काम फत्ते झालं असं वाटत होतं. हो — तेव्हा तसंच वाटलं.

काही दिवसांनी महेश कॉलेजात आला. गावातली माणसं रस्त्यात अडवून त्याला आईची सेवा शिकवत होती, बायको सासरी यायला तयार नव्हती. आईनं खरं सांगितलं तरी त्याच्या मनातून जात नव्हतं, की ती आपल्यामागे रडत असेल आणि आपल्यासाठी खोटं बोलत असेल. माझ्या टेबलासमोर तो उभा आणि बाजूला वैष्णवी. आवाज चढवला नाही त्याने. "हे कोनं जोडलं, सर?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, फिल्म विद्यार्थ्यांची असते, आम्ही फक्त मार्गदर्शन करतो.

वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी जोडलं, दादा."

तो गेला. मी तिला बस म्हणालो नाही. तिचे मार्क माझ्या हातात होते, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. त्यानंतर तिची आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. वैष्णवीने पुन्हा कॅमेरा धरला नाही. वर्ष कसंबसं पूर्ण केलं, आता उमरेडला कपड्याच्या दुकानात असते.

इथवर कदाचित तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस, चुकला. थांबा.

त्याच आठवड्यात ती पुन्हा आली होती. न कापलेलं शूटिंग मागायला. मावशी हसतेय, ओरडतेय, ते सगळं दादाला दाखवते म्हणाली, म्हणजे त्याची खात्री पटेल. तुमचं नाव येणार नाही सर, असंही म्हणाली. ते सगळं आता फक्त माझ्या हार्ड डिस्कवर होतं. मी बघतो म्हणालो. ती गेल्यावर मी ते उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. सुशीलाबाई हसत होती, मला हसत होती. माझा ठसकाही त्यात होता. ते पाहून तिथे मी होतो हे कोणालाही कळलं असतं, आणि मग पुढचा प्रश्न: मिरची डोळ्यांदेखत पाहिलेल्या सरांनी हे जोडू कसं दिलं? मी डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्या ग्रुपला दिलं, त्यावर त्यांचं शूट झालं, तुझं पुसलं गेलं. "बरं, सर," म्हणाली.

तिने विश्वास ठेवला का? माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मी अजून शिकवतो. कट कुठे करायचा, प्रामाणिकपणा कशाला म्हणतात, सगळं शिकवतो. मुलं वहीत उतरवून घेतात. गावात फिल्म दाखवायचा नियम मात्र मी गुपचूप बंद केला. परवानग्या मिळत नाहीत असं सांगतो.

मागच्या महिन्यात वैष्णवीचा फोन आला. "मावशी गेली, सर." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. माझ्याकडून कसलीच अपेक्षा न उरलेल्या माणसाचा आवाज होता तो. म्हणाली, महेशदादा ती फिल्म मागतोय. मावशीचे फोटो आहेत घरी, पण बोलताना कुठेच नाही. आवाज फक्त त्यातच आहे.

तेव्हा सांगता आलं असतं. तिला नाही, त्याला. नंबर मागून घ्यायचा होता फक्त. मी म्हणालो, पाठवतो. त्याच दुपारी लिंक पाठवली, खाली एक शब्द लिहिला नाही. तिचं उत्तर आलं — थँक्यू सर.

महेशने ती पाहिली असेल, पुन्हा पुन्हा पाहत असेल. आईच्या आवाजातलं त्याच्याकडे आता तेवढंच आहे, आणि त्यात ती त्याच्यासाठी रडतेय.