आईच्या दहाव्याला पिझ्झा

मंडळी, आईच्या तव्यावरच्या पिझ्झाची रेसिपी या ग्रुपवर टाकली होती, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ती डोक्यावर घेतली होती. म्हणून हेही तुम्हालाच सांगते.

आज आईचा दहावा झाला. पंचवटीत, नदीकाठी.

पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत होता. गुरुजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिली असेल, आठवा." बाबांनी हात जोडले. "तुझं क्रोशाचं अर्धं तोरण पोरगी पूर्ण करेल." तरी नाही.

मग दादाला सुचलं, पिझ्झा! दर रविवारी आमचा कॅरमचा डाव रंगायचा आणि आई आतून गरम गरम पिझ्झा आणून द्यायची. तिच्या वाढदिवसाला आम्ही तिला कॉलेज रोडच्या हॉटेलात न्यायचो, तेही पिझ्झा खायलाच. दादा गाडी काढून तिथूनच एक घेऊन आला. पिंडाशेजारी ठेवला.

कावळा उडूनच गेला.

तेव्हा मावशी भडकली. आईची ही बहीण आमच्या शेजारीच राहते. "अरे, तिला चीजचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही! तुम्हाला आवडतं म्हणून करायची. तुमच्या त्या हॉटेलातून आली की माझ्याकडे येऊन जेवायची."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

परतताना बाबांनी हळूच विचारलं, "मग तिला आवडायचं तरी काय गं?"

मावशी म्हणाली, "आज विचारताय, दाजी?"