पौर्णिमेला उघडलेली दुर्बीण

आकाशाचे फोटो काढणाऱ्याकडं फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात. आम्ही तर तिघंच. मी गेवराईला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि गोरख मेंढरं राखतो. चकलांब्याच्या अलीकडं त्याच्या माळावर आमचा अड्डा. वीस वर्षं नळ्या-भिंगं जोडून भागवलं. या हिवाळ्यात खरी दुर्बीण घेतली, तेजोमेघांचे फोटो निघतील अशी. तेव्हापासून तर विचारूच नका!

*

दुर्बीण आली त्याच दिवशी आभाळ भरलं. हिवाळ्यात! अकरा दिवस ढग हलले नाहीत. बाराव्या दिवशी लख्ख आभाळ, आणि वर टचटचीत पौर्णिमा! चांदण्यात अंधूक तेजोमेघ पार धुऊन जातात. पण माझ्याकडं चंद्राचा उजेड बराचसा अडवणारा फिल्टर होता. म्हटलं, आजच करायचं.

बायको म्हणाली, "एवढा उजेड पडलाय. आता अजून काय बघायचं राहिलंय?"

गोरखला फिल्टर समजावला. तो म्हणाला, "म्हंजे चंद्र हाय, पर त्याला न्हाई म्हणायचं. आमच्या भावकीत असंच चालतं."

*

त्याच संध्याकाळी गावातले पाच-सहा जण काठ्या घेऊन आले. तेव्हा आमच्याकडं ड्रोनची अफवा होती. चोर आधी ड्रोन सोडतात, मग घर फोडतात म्हणे. दुर्बिणीचे लाल-हिरवे दिवे बघून ते थेट अंगावरच आले.

"कशापायी आलात रं हितं?"

"आकाशाचे फोटो काढतोय."

"मोबाइलनं न्हाई निघत का?"

"नाही निघत," मी म्हणालो.

त्यातला म्होरक्या पुढं झाला. "परवानगी हाय का?"

"कशाची?"

"वरचं बघायची!"

 गोरख म्हणाला, "वरच्याला इचारलंय. त्यानं अजून न्हाई म्हणलं न्हाई."

ते गेले. जाताना एकानं दुर्बिणीच्या तिपाईला काठी मारून बघितली, पक्की आहे का म्हणून! दीड तास लावून बसवलेला नेम गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये एवढा अंधारही नव्हता.

*

दोन दिवसांनी तिथल्या एका पुढाऱ्याला खबर लागली. तीन गाड्या माळावर आल्या, सगळ्यांचे हेडलाइट चालू. साहेब उतरले, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला डोळा लावून उभे राहिले. मी म्हणालो, "साहेब, मागून बघायचं."

"फोटोत तोंड दिसलं पायजे ना!"

फोटो झाला. बघितलं काहीच नाही. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, काय लागंल ते सांगा."

मला वाटलं, हीच वेळ. म्हणालो, "साहेब, काही नको. फक्त इथला अंधार राहू द्या."

त्यांनी शेजारच्याकडं बघून मान हलवली. पंधरवड्यात माळावर हायमास्ट दिवा उभा राहिला! त्यांचा माणूस सांगत होता, "तुमी अंधाराचं बोलला ना सर. सायेबांनी लगेच मनावर घेतलं."

आता आम्ही टेकडीच्या पलीकडं बसतो.

*

तरी एक फोटो निघाला. मृगातला तेजोमेघ. चांदण्यात चार संध्याकाळी टिपलेला उजेड एकावर एक रचून काढलेला. लालसर धूर, मध्ये चार बारीक तारे. मी फ्रेम करून स्टाफरूममध्ये नेला.

इतिहासाचे सर चष्मा पुसून बघत राहिले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "छान आहे. कुठून डाउनलोड केला?"

"मी काढलाय."

"असं? नेटवर याच्यापेक्षा चांगला मिळतो हो!"

फ्रेम परत आणली. सलीमभाईंनी मागून घेतली, दुकानात टांगली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगतात, "बीच में चार ठिपके बघा. आमच्या सरांनी पकडलेत."

*

पण सलीमभाई स्वतः माळावर येत नव्हते. शुगर डोळ्यांत उतरली होती. संभाजीनगरला इंजेक्शनं झाली. डावा डोळा गेला. "उजव्यानं थोडं दिसतंय," म्हणायचे, आणि विषय बदलायचे. दुर्बिणीचा लोखंडी पाया त्यांनीच जोडला होता. तो त्यांचा शेवटचा मोठा जोड.

मागच्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर, गोरखच्या खांद्यावर हात ठेवून आले. चंद्र वर आलेला. मी मृगाचा नेम धरला, धूळ जाऊ नये म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घातलं, कॅमेरा काढला, डोळ्याला लावायचं भिंग बसवलं.

"या सलीमभाई."

ते वाकले. उजवा डोळा भिंगाला लावला.

"माशाल्ला!" म्हणाले. "काय साफ दिसतंय सर! बीच में चार ठिपके. बाजूनं धूर, पाखराचा पंख पसरलाय जसा. वीस बरस सबर केला, पर वसूल झालं!"

मी हसत पुढं गेलो, आणि थांबलो. झाकण तसंच होतं. काढायचं मी विसरलो होतो.

हात पुढं केला, तेवढ्यात गोरखनं माझं मनगट धरलं. घट्ट. झाकण त्यानंही बघितलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं मन राखायला एक शब्द वापरला नाही, तो सलीमभाईंना म्हणाला, "सरका जरा. मला बी बघू द्या."

त्यानं डोळा लावला. झाकण तसंच.

"आयला, खरंच की!" गोरख म्हणाला. "चार हायत. चारच!"