निघोज्याच्या पाणथळीत ओ कोणी दिली?

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. अजूनही करतो. तरी हे लिहितोय, कारण तेव्हाचा साक्षीदार आता मी एकटाच उरलोय.

पन्नासचं दशक. मी मूळचा कोकणातला, पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर. सासुरवाडी निघोज्याची. सुट्टीच्या दिवशी मोशीत ओळखीच्या घरी सायकल ठेवायची, नदी ओलांडायची आणि पुढे इंद्रायणीच्या काठाकाठाने पायी जायचं — हा माझा शौक. नदीच्या एका वळणावर मोठी पाणथळ होती. डोक्याच्या वर वाढलेलं पाणकणीस आणि मधून एक पाऊलवाट. हिवाळ्यात चक्रवाक उतरायचे, पाणकोंबड्या तर पायात यायच्या, आणि नशीब असेल तर पाणमांजरही दिसायचं. माझा पाय तिथून निघत नसे. बायको म्हणायची, "माहेर माझं, आणि ओढ तुम्हाला!"

त्या वाटेची एक रीत होती. आत कुणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. "हाय का?" विचारायचं, असेल त्याने "हाय" म्हणायचं. मी सासऱ्यांना चिडवायचो, "मामा, नाव घेतलं तर पाणमांजर ओ देतं की काय?"

"रीत हाय, जावईबापू," एवढंच म्हणून ते हसायचे.

त्या रविवारी पोचलो तर घरात रडारड. माझा मेहुणा दगडू सकाळी म्हैस शोधायला पाणथळीत गेला होता, आणि म्हैस एकटीच परत आली होती. मामा आणि मी दोरखंड घेऊन निघालो. भर दुपार, लख्ख ऊन. मामांनी वाटेवरून हाळी दिली, "हाय काऽ?"

"हाय!" डावीकडून स्पष्ट आलं.

आम्ही विचारत राहिलो, ओ येत राहिली... आवाजाच्या रोखाने जाऊन कणसं बाजूला केली, तर दगडू छातीपर्यंत चिखलात रुतलेला, मान कलंडलेली. ओठ हलत होते, पण आवाज नाही. मला वाटलं, ओ देऊन देऊन घसा गेला बिचाऱ्याचा. काखेतून दोरखंड घालून ओढून काढला. एवढा धिप्पाड गडी थरथर कापत होता. मला रडूच आलं.

दोन-तीन दिवसांनी त्याला बोलता यायला लागलं. पहिलं काय विचारावं त्यानं?

"दाजी, त्याला बी काढला न्हवं?"

"कुणाला?"

"माझ्या मागं व्हता त्यो. माझा घसा तर सकाळीच बसला व्हता. ओ त्योच देत व्हता की! मला मान वळवता यीना..."

मामांनी कोपऱ्यातला बांबू उचलला. आम्ही तसेच उठून गेलो, बांबूने चिखल ढवळून पाहिला. काही नाही. आसपासच्या गावांतही विचारलं, कुणी बेपत्ता नव्हतं.

लोक म्हणाले, भूत. माझा भुतावर विश्वास नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. भूत नसेल, तर तो माणूस होता... आणि आम्ही फक्त आपला माणूस घेऊन घरी आलो. आम्ही कुणाचं नाव घेतलं नव्हतं. "हाय का" विचारलं. जो होता, त्याने "हाय" म्हटलं.

पुढे मामा जिवंत असेपर्यंत त्या वळणावर थांबून "हाय का?" विचारायचे. मीही शेजारी श्वास रोखून उभा राहायचो. ओ पुन्हा कधी आली नाही.